जन्मजात दोषांची सोबत

जन्मजात दोषांची मोजणी करण्याची सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेतली रूढ रीत दोषनिहाय आहे. वर्षभरात किती बाळे दुभंगलेल्या ओठांची जन्मली, कितींच्या हृदयात छिद्र आढळले, कितींची पावले आत वळलेली होती, असे प्रत्येक दोषाचे वेगळे रकाने भरले जातात, त्यांच्या बेरजा तालुक्याकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून राज्याकडे जातात, आणि या प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यावर एक महत्त्वाची माहिती गळून पडते. यांपैकी कोणते दोष एकाच बाळात एकत्र होते, हे बेरजेत उरत नाही. समजा, यवतमाळ जिल्ह्याच्या एखाद्या तक्त्यात वाकड्या पावलांची दहा आणि कण्याच्या दोषाची सहा प्रकरणे दिसली, तर ती सोळा वेगवेगळी बाळे आहेत, की सहा बाळांत दोन्ही दोष असल्यामुळे एकूण बाळे दहाच आहेत, हे तो तक्ता सांगू शकत नाही. वैद्यकदृष्ट्या मात्र या दोन शक्यतांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ही गळलेली माहिती जपून ठेवणे आणि तिच्यातून दोषांच्या परस्परसंबंधांचा नकाशा काढणे, हा जाळे-विश्लेषणाचा, म्हणजे नेटवर्क अ‍ॅनालिसिसचा विषय आहे.

दोषांच्या सोबतीला एवढे महत्त्व देण्याचे कारण बहुसंख्य दोषांच्या अज्ञात मुळात आहे. अमेरिकेतील युटा राज्यात २००५ ते २००९ या काळात झालेल्या २,७०,८७८ जन्मांचा आढावा घेणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर जन्मजात दोष असलेली ५,५०४ बाळे, म्हणजे शंभरात साधारण दोन, आढळली, आणि प्रगत तपासण्या उपलब्ध असूनही त्यांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या बाळांतच दोषाचे निश्चित कारण सांगता आले. जिथे कारण सापडले तिथे ते बहुतेक गुणसूत्रांतले किंवा जनुकांतले होते. उरलेल्या चार हिश्श्यांच्या बाबतीत वैद्यकशास्त्राकडे ठाम उत्तर नव्हते. अशा परिस्थितीत सुटा दोष फारसे बोलत नाही, कारण हृदयाच्या पडद्यातले छिद्र डझनावारी कारणांनी राहू शकते. परंतु त्याच बाळाचे डोळे आणि कानही बाधित असतील तर शक्यतांची यादी झपाट्याने आखडते. गर्भाचे बहुतेक अवयव गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात आकार घेतात आणि प्रत्येक अवयवाचे त्या काळातले वेळापत्रक बरेचसे ठरलेले असते, त्यामुळे कोणते दोन अवयव एकत्र बिघडले यावरून घाव केव्हा पडला आणि कोणत्या पेशीसमूहावर पडला, याचा अंदाज बांधता येतो.

भारतात या विषयाला हात घालण्याजोगी चौकट अलीकडची आहे, आणि तिची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे सुरू करण्यात आला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून जन्मजात दोष, कमतरतेचे विकार, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब लवकर हुडकणे हा त्याचा हेतू आहे. त्यातील जन्मजात दोषांच्या यादीत नऊ नावे आहेत: मज्जारज्जूच्या नलिकेचा दोष, डाउन सिंड्रोम, दुभंगलेला ओठ व टाळू, वाकडे पाऊल, नितंबाच्या सांध्याची सदोष वाढ, जन्मजात मोतीबिंदू, जन्मजात बहिरेपणा, जन्मजात हृदयविकार आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाचा विकार. (यांतील शेवटचा विकार काटेकोर अर्थाने गर्भात घडत नाही, तो अपुऱ्या दिवसांच्या जन्मानंतर होतो.) ही यादी उपचारांच्या सोयीसाठी तयार झाली, आणि म्हणूनच तिच्यातली एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: तिच्यातली अनेक नावे एकमेकांची नेहमीची सोबती आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयाचा दोष असतो. मज्जारज्जूची नलिका नीट न मिटल्याने पायांकडे जाणाऱ्या नसा दुबळ्या झाल्या की पाऊल वाकडे वाढते. आणि मोतीबिंदू, बहिरेपणा व हृदयविकार या तीन नावांना जोडणाऱ्या रेषा काढल्या तर जो त्रिकोण तयार होतो, तो जन्मजात दोषांच्या इतिहासातला बहुधा सर्वांत बोधप्रद त्रिकोण आहे.

ऑस्ट्रेलियातील सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन मॅकअलिस्टर ग्रेग यांनी १९४१ मध्ये जन्मजात मोतीबिंदू असलेल्या ७८ बालकांची नोंद प्रसिद्ध केली. एवढ्या थोड्या काळात एवढी बाळे हे त्यांना खटकलेच होते. पण त्यांनी डोळ्यांवरच न थांबता अनेक बाळांच्या हृदयातही दोष आहे हे नमूद केले आणि मातांकडे चौकशी केली, तेव्हा ७८ पैकी ६८ मातांना गरोदरपणात, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, रुबेला हा गोवरासारखा सौम्य पुरळाचा आजार होऊन गेल्याचे कळले. यातील काही मुले बहिरीही आहेत, हे त्यानंतर थोड्याच काळात स्पष्ट झाले; ते आधी लक्षात आले नव्हते, कारण बहिरेपणा पाळण्यातल्या बाळात कळून येत नाही. गर्भवतीला झालेला विषाणूसंसर्ग गर्भाच्या अवयवांत दोष निर्माण करू शकतो, हे त्यापूर्वी कोणी गांभीर्याने घेतले नव्हते. ग्रेग यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना संख्याशास्त्राची मोठी साधने. त्यांच्या निरीक्षणाचे बळ दोन अवयवांच्या तक्रारी एकाच मुलाच्या नावावर एकत्र मांडण्यात होते. मोतीबिंदूची यादी नेत्रविभागात आणि हृदयविकाराची यादी बालरोग विभागात राहिली असती, तर दोन्ही याद्या अचूक असूनही रुबेला सुटून गेला असता.

ग्रेग यांनी डोळ्यांनी जे केले तेच शेकडो दोष आणि हजारो बाळे यांच्यासाठी पद्धतशीरपणे करायचे, तर जाळ्याची कल्पना उपयोगी पडते. गणितात जाळे म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे. विदर्भातल्या गावागावांतील सोयरिकी नकाशावर मांडल्या, प्रत्येक गाव हा बिंदू आणि दोन गावांत झालेली लग्ने ही त्यांना जोडणारी रेषा मानली, तर कोणत्या गावांचे आपसात घट्ट संबंध आहेत आणि कोणते गाव दोन पंचक्रोशींना सांधते हे जसे एका दृष्टिक्षेपात दिसेल, तसेच इथे घडते. प्रत्येक दोष हा एक बिंदू असतो. दोन दोष एकाच बाळात आढळले की त्यांच्यामध्ये दुवा पडतो, आणि अशी बाळे जितकी अधिक तितका तो दुवा जाड होतो. सर्व बाळांच्या नोंदी अशा मांडल्यावर जाळ्याच्या काही भागांत दुवे दाट आणि काही भागांत विरळ दिसतात. दाट भाग आपोआप वेगळे काढणाऱ्या गणिती रीती आता सर्रास उपलब्ध आहेत, आणि असा प्रत्येक दाट गट हा एखाद्या समान कारणाचा संशयित ठरतो. माणसाच्या रोगांचे अशा रीतीने मोठे जाळे मांडणारा एक गाजलेला शोधनिबंध आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात समान जनुक हा दोन रोगांमधला दुवा होता. जन्मजात दोषांच्या जाळ्यात दुवा म्हणजे प्रत्यक्ष मूल, आणि त्यामुळे नोंद चुकली की जाळेच चुकते.

दुवा नुसता असणे मात्र पुरेसे नाही, कारण दोन नेहमीचे दोष निव्वळ योगायोगानेही एका बाळात भेटू शकतात. हा योगायोग मोजण्याची मूळ युक्ती सोपी आहे आणि ती काल्पनिक आकड्यांनी समजून घेता येते. समजा एक लाख जन्मांत ६०० बाळांना हृदयाचा दोष आणि १५० बाळांना वाकडे पाऊल आहे. दोन्ही गोष्टींचा परस्परांशी काहीच संबंध नसेल, तर दोन्ही दोष एकत्र असलेली बाळे ६०० गुणिले १५० भागिले एक लाख, म्हणजे ०.९, जेमतेम एक असायला हवीत. प्रत्यक्षात ती नऊ आढळली, तर निरीक्षित आणि अपेक्षित यांचे गुणोत्तर दहा येते, आणि हा दुवा अपेक्षेपेक्षा दहापट जाड आहे असे म्हणता येते.

इथेच नवख्या अभ्यासकाची फसगत होते. दहापट हा आकडा डोळे दिपवणारा वाटतो, पण जन्मजात दोषांच्या नोंदवहीत जवळपास कोणतीही जोडी घेतली तरी तिचे गुणोत्तर एकापेक्षा बरेच मोठे येते, कारण एक दोष असलेल्या बाळाला दुसरा दोष असण्याची प्रवृत्ती मुळातच अधिक असते, मग ते दोन दोष कोणतेही असोत. मुइन खुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या अडचणीकडे लक्ष वेधून सुधारित गुणोत्तराची रीत सुचवली, जिच्यात ही सर्वसाधारण प्रवृत्ती आधी वजा केली जाते. वरच्या उदाहरणातल्या नोंदवहीत इतर बहुतेक जोड्यांचेही गुणोत्तर आठ-नऊ येत असेल, तर हृदय आणि पाऊल यांच्या दहापटीत विशेष असे काही उरत नाही. उलट एखाद्या दुर्मीळ जोडीचे सुधारित गुणोत्तर तरीही पाच-सहा येत असेल, तर तिच्याकडे थांबून पाहिले पाहिजे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९९९ पासून राज्यव्यापी नोंदवही ठेवली जाते, आणि ह्यूस्टनच्या संशोधकांनी तिच्या आधारे दोन ते पाच दोषांच्या सर्व शक्य संयोगांचे असे सुधारित गुणोत्तर संगणकाकडून काढून घेणारी रीत २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. संगणकाची गरज का पडते हे आकड्यांवरून कळते: दोष चाळीसच धरले तरी त्यांच्या जोड्या ७८० होतात आणि तिकड्या ९,८८०.

जाळ्यातले सगळे दुवे एकाच जातीचे नसतात, आणि गणित त्यांच्यातला भेद सांगत नाही. तो शरीरशास्त्र जाणणाऱ्या माणसालाच करावा लागतो. काही दुवे साखळीचे असतात: पाठीच्या कण्याच्या दोषामुळे मेंदूत पाणी साचते आणि पाय वाकडे होतात, किंवा खालचा जबडा लहान राहिल्याने जीभ मागे ढकलली जाते आणि टाळूच्या दोन कडा जुळत नाहीत. इथे मूळ दोष एकच असून बाकीचे त्याचे परिणाम आहेत, त्यामुळे हे दुवे कितीही जाड असले तरी नवे काही शिकवत नाहीत. काही दुव्यांच्या मागे ओळखीचे गुणसूत्र किंवा जनुक असते, जसे डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत. म्हणून चांगल्या अभ्यासात ज्ञात सिंड्रोमची बाळे आणि साखळीतले दुय्यम दोष आधी बाजूला काढले जातात आणि मग उरलेल्यांचे जाळे विणले जाते. जे उरते ते खरे कोडे.

या कोड्यातल्या एका गटाला वैद्यकात व्हॅक्टर्ल असे आद्याक्षरांचे नाव आहे. मणक्यांचे दोष, गुदद्वार बंद असणे, हृदयाचे दोष, श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधला चुकीचा मार्ग, मूत्रपिंडाचे दोष आणि हातापायांचे दोष, यांपैकी तीन किंवा अधिक एकत्र आढळले की हे नाव दिले जाते. क्वान आणि स्मिथ यांनी १९७३ च्या सुमारास यातल्या काही दोषांचा गट प्रथम वेगळा ओळखला, पण आजही बहुसंख्य बाळांत त्याचे एकच एक कारण सापडलेले नाही. तरीही या दुव्यांचा व्यवहारात रोज उपयोग होतो: गुदद्वार बंद असलेले नवजात बाळ शस्त्रक्रियेसाठी आले की बालशल्यचिकित्सक त्याचे हृदय, मूत्रपिंडे आणि कणाही तपासून घेतात. दुसऱ्या एका गटाची गोष्ट पुढे सरकली. डोळ्याच्या पडद्यातली फट, हृदयदोष, नाकाच्या मागच्या वाटा बंद असणे, कानांची सदोष घडण आणि वाढीतला विलंब हे दोष एकत्र येतात असे १९७९ मध्ये नोंदले गेले, १९८१ मध्ये त्या गटाला चार्ज असे नाव मिळाले, आणि २००४ मध्ये त्यामागचे सीएचडी७ हे जनुक सापडले. दोषांची सोबत आधी दिसली आणि जनुक पंचवीस वर्षांनी हाती लागले. जाळे-विश्लेषणाकडून ठेवायची अपेक्षा साधारण एवढीच आहे: पुढच्या शोधाला जागा दाखवणे.

यवतमाळ जिल्ह्यात असे जाळे विणायचे म्हटले तर पहिला प्रश्न संख्येचा येतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ आहे आणि तालुके सोळा आहेत. जन्मदर हजारी पंधराच्या आसपास धरला तर वर्षाला चाळीस हजारांच्या घरात बाळे जन्मतात. त्यांच्यात दोषांचे प्रमाण किती असावे याचा अंदाज शेजारच्या वर्धा जिल्ह्यातून मिळतो. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या बालरोगतज्ज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९,३८६ प्रसूतींत १७९ बाळांना, म्हणजे १.९१ टक्के बाळांना, जन्मजात दोष आढळले होते. पुण्यात गर्भवतींचा गरोदरपणापासून मागोवा घेणाऱ्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे प्रमाण दर दहा हजार जन्मांमागे २३० च्या आसपास निघाले. दोन टक्के हा आकडा धरला तर यवतमाळमध्ये वर्षाला सुमारे आठशे बाळे या व्याख्येत बसतील, आणि इतरत्रचा अनुभव लावला तर त्यांपैकी साधारण चौथा हिस्सा, म्हणजे दोनशेच्या आसपास बाळे, एकाहून अधिक दोषांची किंवा सिंड्रोमची असतील. ७८० जोड्यांवर दोनशे बाळे विखुरली तर बहुतेक दुवे रिकामेच राहतील आणि ज्या जोडीत दोन-तीन बाळे दिसतील तिचे गुणोत्तर एका बाळाच्या फरकाने वरखाली उडेल. एका जिल्ह्याचे एका वर्षाचे जाळे म्हणूनच निरुपयोगी ठरते. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख होती. या साऱ्या जिल्ह्यांच्या नोंदी एकाच नमुन्यात पाच-सात वर्षे साठल्या, तर मात्र टेक्सासच्या तोडीचा अभ्यास इथे होऊ शकतो.

दुसरा प्रश्न नोंदींना एकमेकींशी जोडण्याचा आहे, आणि तो संख्येपेक्षा अवघड आहे. एकाच बाळाचे दोष वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांच्या नजरेस पडतात. दुभंगलेला ओठ प्रसूतिगृहातल्या परिचारिकेला दिसतो. घरी आलेल्या नवजात बाळाला ‘आशा’ ही गावातली आरोग्य कार्यकर्ती ठरलेल्या दिवशी भेटी देते. घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची ही रीत यवतमाळपासून फार दूर नसलेल्या गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने सिद्ध केली आणि पुढे ती देशभर गेली. हृदयातला आवाज कित्येकदा काही महिन्यांनी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या फिरत्या तपासणी पथकातल्या डॉक्टरांना ऐकू येतो. बहिरेपणाची शंका मूल बोलायला लागत नाही तेव्हा घरच्यांना येते. घाटंजी तालुक्यातल्या एखाद्या मुलाच्या या चार नोंदी ग्रामीण रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये, आशाच्या वहीत, पथकाच्या पत्रकात आणि यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा नागपूरच्या एखाद्या रुग्णालयाच्या केसपेपरवर असू शकतात. प्रत्येक नोंद आपापल्या जागी बरोबर असते, आणि जाळे तरीही तयार होत नाही, कारण चारही कागदांवरचे मूल एकच आहे हे कोणत्याच कागदावर लिहिलेले नसते. बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची प्रथा या अडचणीत भर घालते. बाळ पुसदला जन्मते, नोंद तिथे राहते, आणि तीन महिन्यांनी ते सासरच्या गावी, कदाचित नांदेड जिल्ह्यात, जाते.

तिसरी अडचण अशी की काही दुवे बाळांत नसतात, तपासणीच्या पद्धतीतून निर्माण होतात. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की रुग्णालयात येणाऱ्यांच्या नोंदींत दोन असंबद्ध आजारही एकमेकांशी निगडित भासतात, कारण दोन आजार असलेला माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची शक्यता एकच आजार असलेल्यापेक्षा जास्त असते. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात पाठवलेल्या बाळाची पोटाची सोनोग्राफी होते आणि मूत्रपिंडाचा निरुपद्रवी दोषही नोंदला जातो. झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) राहिलेल्या बाळाची ती कधीच होत नाही. मग हृदय आणि मूत्रपिंड यांच्यातला जाड दुवा गर्भाविषयी काही सांगतो की सोनोग्राफीच्या सोयीविषयी, हा प्रश्न उरतो. कोलाम हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे, आणि त्यांच्या वस्त्यांतल्या बाळांशिवाय काढलेले यवतमाळचे जाळे जिल्ह्याचे म्हणता येणार नाही.

जी बाळे जिवंत जन्मत नाहीत त्यांचा हिशेब आणखी वेगळा आहे. सेवाग्रामच्या अभ्यासातील १७९ बाळांपैकी १७ मृतजात होती, आणि जिवंत जन्मलेल्यांत हृदयाचे दोष आघाडीवर असताना मृतजात बाळांत मेंदू व मज्जासंस्थेचे दोष सर्वाधिक होते. म्हणजे मृतजात बाळे वगळताच जाळ्याचा एक संपूर्ण कोपरा फिका पडतो. गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपाताची मुभा २०२१ च्या कायदादुरुस्तीने दिली आहे, आणि हे निर्णय बहुतांशी सोनोग्राफी परवडणाऱ्या व वेळेत करता येणाऱ्या कुटुंबांतच होतात. कण्याच्या दोषाची जन्मलेली बाळे शहरात कमी आणि दुर्गम तालुक्यांत जास्त दिसली, तर त्यावरून कारणाविषयी निष्कर्ष काढण्याआधी हा फरक वजा करावा लागेल.

यवतमाळच्या संदर्भात एक प्रश्न टाळता येत नाही, तो कीटकनाशकांचा. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि तेव्हापासून जिल्ह्यातल्या आरोग्याच्या कोणत्याही अडचणीचे बोट फवारणीकडे दाखवण्याचा मोह साहजिक आहे. तीव्र विषबाधा आणि गर्भावर होणारा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी असल्या, तरी निंदणी-वेचणीला जाणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या बाबतीत दुसरा प्रश्न रास्तपणे विचारता येतो. जाळे-विश्लेषण त्याचे उत्तर देऊ शकत नाही. ते फक्त एवढे दाखवू शकते की एखादा अनोळखी दोषसमूह अपेक्षेपेक्षा जास्त वेळा, ठरावीक तालुक्यांत, ठरावीक महिन्यांत गर्भधारणा झालेल्या बाळांत आढळतो आहे. थॅलिडोमाइड या औषधाचे दुष्परिणाम १९६१ मध्ये जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांच्या ध्यानात आले ते अशाच चमत्कारिक सोबतीमुळे; खुरटलेल्या हातापायांसारखा एरवी अतिदुर्मीळ दोष एकाएकी अनेक बाळांत दिसू लागला आणि कान व आतल्या अवयवांचे दोषही त्याच्या संगतीने येत होते. पण लेन्झ यांना पुढे मातांनी गोळी केव्हा घेतली होती हे शोधावे लागले, तेव्हाच संशयाचे रूपांतर पुराव्यात झाले. तसेच इथे कोणत्या रसायनाशी, कोणत्या आठवड्यात आणि किती संपर्क आला हे मातेकडून नोंदले गेल्याशिवाय जाळ्यातला कोणताही दुवा कपाशीच्या शेताकडे नेता येणार नाही, आणि तो नेल्याचा आव आणणारे लेखन शेतकऱ्यांच्या न्याय्य तक्रारीलाही कमकुवत करते.

उलट दिशेने, जाळ्याचा एक उपयोग आजच करता येण्यासारखा आहे. महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. त्या वेळी शाळेत असलेल्या मुली आता माता होण्याच्या वयात येत आहेत, त्यामुळे मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयविकार यांचा त्रिकोण पुढच्या काही वर्षांत विरळ होत जायला हवा. तो कुठे होत नाही हे तालुकावार पाहिले, तर लस कोणत्या वस्त्यांपर्यंत पोहोचली नाही हे रक्त न तपासताही कळू शकेल, अर्थात मुलांच्या नोंदी दोषनिहाय न ठेवता मूलनिहाय ठेवल्या असतील तरच.

मूलनिहाय नोंद म्हणजे फार मोठे यंत्र नव्हे. प्रत्येक बाळाला जन्मतः एक क्रमांक, तोच क्रमांक आशाच्या वहीपासून जिल्हा केंद्रापर्यंत, दोषाच्या नावासोबत ‘उजव्या पायाला, दोन बोटे जोडलेली’ असे साध्या शब्दांतले वर्णन, आणि शक्य तिथे छायाचित्र, एवढ्यावर बरेचसे काम भागते. वर्णनाचा आग्रह यासाठी की ‘हातापायाचा दोष’ असा ढोबळ शेरा मारला की वेगळ्या कारणांचे दहा दोष एका बिंदूत कोंबले जातात. मात्र अशा नोंदींबरोबर गोपनीयतेची जबाबदारी येते. तीन दुर्मीळ दोषांचा संयोग पन्नास घरांच्या वस्तीत एकाच मुलात असेल, तर नाव झाकूनही ते मूल गावाला ओळखू येते; आईलाच दोष देणाऱ्या समाजात त्याची किंमत तिला मोजावी लागते. त्यामुळे तालुक्यापेक्षा लहान पातळीवरचे जाळे प्रसिद्ध न करणे हा साधा नियम पाळावा लागतो.

संबंधित कुटुंबासाठी दोषांच्या सोबतीचा अर्थ सर्वांत आधी पुढच्या अपत्याच्या प्रश्नात उमटतो. कण्याचा दोष एकटाच असेल तर पुढच्या बाळात तो पुन्हा येण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच असते, आणि ती बरीच कमी करता येते: ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांत घेतलेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज चार मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिल्यावर हे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. पण त्याच बाळाला हृदयाचा दोष, मिटलेल्या मुठी आणि चेहऱ्याची वेगळी ठेवण असेल, तर कण्याचा दोष अठराव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीचा भाग असू शकतो. तिथे फॉलिक आम्लाचा भरवसा देणे चुकीचे ठरते आणि आईवडिलांना गुणसूत्र तपासणीची व जनुकीय सल्ल्याची गरज असते. पहिल्या प्रकारच्या कुटुंबाच्या बाबतीतही वेळेचा हिशेब कडक आहे. मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते, आणि गावात गरोदरपणाची नोंद व त्यासोबतच्या गोळ्या बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सुरू होतात, त्यामुळे अशा मातेला गोळी द्यायची तर ती पुढच्या गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधी, आशाच्या वहीत मागच्या बाळाच्या दोषांची पूर्ण नोंद पाहूनच द्यावी लागते.